होडीच्या तोंडावर बसवलेली मोटर

आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी होते. आसपासच्या चार घरांतही बहुधा मीच. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरची सूचना, दवाखान्याची फाइल, कोणाच्या तरी भाच्याला आलेलं नोकरीचं पत्र, काहीही आमच्या ओट्यावर येई. लोक कागद माझ्या हातात देत आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहत. असं कोणी बघितलं की मला वाचलेलं कळायचं बंद होतं. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. मी बीडला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले होते. कळलं नाही असं म्हणायची मला सोय नव्हती.

त्या वर्षी पदवी घेऊन मी घरी आले होते. पाऊस नव्हता. धरणाचं पाणी इतकं मागे गेलं होतं की बुडालेल्या गावाकडे जाणारा जुना डांबरी रस्ता वर आला होता, आणि आमच्या मच्छीमार संस्थेचे लोक त्याच रस्त्यावरून मोटारसायकली थेट पाण्यापर्यंत नेत होते. बहुतेक सभासद थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एकेकटे जाळी टाकायचे. मोठ्या जाळ्यांसाठी संस्थेची एक फायबरची होडी होती आणि ती माझे वडील, आमचे अण्णा, वल्हवत. मी शाळेत जायला लागले त्याच्या आधीपासून तेच वल्हवत होते.

आदल्या उन्हाळ्यात ही होडी गाळातून ओढून काढताना अण्णांचा उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण हात छातीच्या वर जाईना. वल्हं मारणं संपलं. त्यांनी डाव्या हातानं करून पाहिलं. होडी गोल गोल फिरली आणि काठावरचे हसले. अण्णाही हसले.

प्रश्न नुसत्या वल्ह्याचा नव्हता. आमच्या संस्थेत दरवर्षी सर्वसाधारण सभेत क्रियाशील सभासदांची यादी वाचली जाते. जो हंगामात स्वतः पाण्यात उतरत नाही, त्याचं नाव त्या यादीतून जातं. मग तो सभासद राहतो, सभेला येतो, चहा पितो, पण त्याला धरणात जाळं टाकता येत नाही. एकदा गेलेलं नाव परत आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मागचा अर्धा हंगाम खांदा निखळायच्या आधीच होऊन गेला होता म्हणून अण्णांचं नाव टिकलं. आता नवा हंगाम तोंडावर होता. घरात याबद्दल कोणी बोलत नव्हतं. आई फक्त रोज सकाळी त्यांच्या खांद्याला तेल लावताना हात थोडा वर उचलून बघायची, आणि तो जिथं अडायचा तिथं थांबायची.

अशात संस्थेच्या चेअरमनकाकांच्या फोनवर एक निरोप आला. आमच्या गावचे एक गृहस्थ परदेशात होड्यांच्या मोटरी बनवणाऱ्या कंपनीत होते. त्यांना संस्थेला एक मोटर भेट द्यायची होती. बॅटरीवर चालणारी, छोटी, आवाज न करणारी. दोन प्रकारच्या होत्या, त्यातली कोणती हवी ते कळवा, एकच पाठवू शकतो, असं त्यांनी लिहिलं होतं. सोबत दोन जाडजूड पुस्तिका, इंग्रजीत.

काका स्वतः आमच्या घरी आले. "अण्णा, तुमचं काम झालं समजा. हात न्हाई तर न्हाई, ही मोटर पायानं चालती म्हणं." मग माझ्याकडे वळून, "ताई, तू तेवढं वाचून सांग. रविवारी बैठक लावतो."

मी चार दिवस वाचत बसले. शाळेत परीक्षेआधी करायचे तशी वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे केबलवर वळणारी, उजवीकडे विजेवर वळणारी. दोन्ही होडीच्या पुढच्या टोकाला बसतात आणि होडीला पुढून ओढतात. दोन्हींना पायाखाली एक पट्टी असते. केबलच्या मोटरीत ती पट्टी पंजानं दाबली की होडी उजवीकडे, टाचेनं दाबली की डावीकडे. पायाचा जोर केबलमधून सरळ मोटरीपर्यंत जातो, त्यामुळे जोर लागतो, पण वळण लगेच मिळतं. विजेच्या मोटरीत पाय नुसता टेकवायचा. वळवण्याचं काम आतली दुसरी एक छोटी मोटर करते. ती थोडी सावकाश वळते.

शेवटची ओळ मी सगळ्यात उशिरा लिहिली, कारण ती पुस्तिकेच्या मागच्या पानावर, मापांच्या तक्त्यात होती. केबल आखूड असते. पट्टी मोटरीपासून दोन हातांच्या आत, म्हणजे होडीच्या टोकावरच ठेवावी लागते. विजेच्या मोटरीची वायर लांब असते. पट्टी मागच्या फळीजवळही ठेवता येते.

ती ओळ लिहून मी पेन खाली ठेवलं, ते मला अजून आठवतं.

बैठक संस्थेच्या खोलीत झाली. वजनकाटा, बर्फाच्या पेट्या, भिंतीला टेकून बसलेले पंधरा-सोळा पुरुष, आणि माझ्यासाठी आणलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची. अण्णा दाराशी बसले होते. मी वहीत बघून सांगत गेले.

"म्हंजे पहिली सायकलच्या ब्रेकसारखी," अण्णांचे जोडीदार म्हणाले. अण्णा होडी वल्हवत तेव्हा मागच्या बाजूनं जाळं सोडायचं काम त्यांचं. मी त्यांना मामा म्हणायचे.

"हो. तशीच."

"अन् दुसरीत काय जास्तीचं?"

"ती वाऱ्यातसुद्धा एका जागी थांबून राहते. उपग्रहावरून स्वतःची जागा ओळखते. हलत नाही."

"जागची हलत न्हाई? मग तिला चेअरमन करा की!" मामा म्हणाले.

खोली हसली. चेअरमनकाका म्हणाले, "तू गप बे. तुला थर्माकोलवर नीट बसता येईना अन् चालला उपग्रहावर." मग मला, "बिघडली तर कसं ताई?"

"केबल तुटली तर बदलता येते. दुसरीचं सर्किट गेलं तर बहुतेक पुण्याला पाठवावी लागेल."

माझं 'बहुतेक' कोणाला ऐकू आलं नाही. पुणं ऐकू आलं.

"मग कशाला पायजे ती? केबल आपला सायकलवाला बसवून देतो."

"हां. साधी वस्तू बरी."

"पाण्यात ते सर्किट-बिर्किट न्हाई टिकत."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. आमच्याकडे होडीच्या पुढच्या टोकाला तोंड म्हणतात. तिथं हळदीकुंकू असतं. त्यावर कोणी पाय देत नाही, जाळं ठेवत नाही, बसत नाही. लोक चपला काठावर काढतात आणि गुडघाभर पाण्यात उतरून बाजूनं चढतात. मी सहा-सात वर्षांची असताना काठावरून त्या टोकावर उडी मारली होती. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी मला खाली उतरवलं, ओंजळीत पाणी घेऊन ती जागा माझ्याकडून धुऊन घेतली, आणि माझा हात धरून तिला लावला. त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला ही रीत माहीत होती. पट्टी तिथंच ठेवावी लागेल, हे मात्र फक्त मला माहीत होतं. पुस्तिकेतल्या चित्रात एका परक्या देशातला माणूस होडीच्या टोकावर बूट घालून उभा होता. त्यांनी ते चित्र पाहिलं होतं, पण आपल्या होडीत तो माणूस कुठं बसेल हे त्यांनी आपल्या होडीप्रमाणे धरलं होतं. मधल्या फळीवर, अण्णांच्या जागेवर.

मी का बोलले नाही याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. इतक्या पुरुषांसमोर पुन्हा तोंड उघडायचं होतं, हे एक. इंग्रजी शाळेतली मुलगी हळदीकुंकवाचं काय सांगते, असं कोणी म्हणेल, हे दुसरं. तिसरं मला लिहायला जड जातं. मला आतून वाटलं होतं की ही काही फार मोठी गोष्ट नाही, सवय होईल.

अण्णांनी दाराशी बसल्या बसल्या विचारलं, "बाई, तुला कंची बरी वाटती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"केबलची," मी म्हणाले.

मोटर महिन्याभरानं महामार्गावरच्या मांजरसुंब्याला आली. तिथल्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून खोकं उतरवून घेतलं, ढाब्यावर सगळ्यांनी चहा घेतला, आणि तिथल्याच एका वेल्डिंगवाल्याकडून होडीच्या टोकावर बसेल अशी लोखंडी चौकट करून आणली. मामा खोकं मांडीवर घेऊन टेम्पोत बसले. "सून आणल्यावानी वाटतंय," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी मीही गेले. जुन्या रस्त्याच्या टोकाला होडी लावलेली होती. मोटर बसवली, इन्व्हर्टरची बॅटरी मधे ठेवली. अण्णांनी नेहमीसारखं हळदीकुंकू लावलं. त्या लोखंडी चौकटीनं जुनी जागा अर्धी झाकली होती, म्हणून त्यांनी थोडं खाली लावलं. काकांनी नारळ फोडला. अण्णा पाण्यातून बाजूनं चढले, आपल्या मधल्या फळीवर बसले आणि पायाशी बघू लागले.

"पायाचं कुठाय?"

मामांनी पुढं बोट दाखवलं. पट्टी होडीच्या तोंडावर होती. हळदीकुंकवापासून वीतभर.

"त्ये मागं घ्या की."

"केबल पुरत नाही," मी काठावरून म्हणाले. त्या दिवशी मी एवढंच बोलले.

मग सगळे एकदम बोलायला लागले. मोटर उलटी मागच्या बाजूला बसवा, कोणी म्हणालं. पण जाळं मागून सुटतं. मोटरीच्या पंख्यात गुंतलं असतं. पट्टीवर गोणपाट टाका. पाय धुऊन ठेवा. चेअरमनकाका म्हणाले, "अण्णा, देवाला कळतंय तुमचा हात गेलाय म्हून." अण्णांनी मान हलवली. ती हो होती की नाही होती कोणाला कळलं नाही. ते फळीवरून उठले, पुढं गेले, आणि तोंडाच्या अलीकडे गुडघ्यांवर बसून डाव्या हातानं पट्टी दाबू लागले.

पंधरा दिवस त्यांनी तसंच केलं. पंजा आणि टाच दोन्हींचं काम एका हाताला जमत नव्हतं. पट्टी कडक होती. वाकल्यामुळे पुढचं दिसत नव्हतं. होडी भलतीकडेच जायची आणि मामांच्या हातातून सुटणारं जाळं पाण्यात वेडंवाकडं पडायचं.

"अण्णा, होडी चालवताय का नवस फेडताय?" मामा ओरडायचे. पहिले काही दिवस त्यात गंमत होती. मग एक दिवस मामा काठावर येऊन नुसतेच जाळं सोडवत बसले. दुसऱ्या दिवशी ते आपल्या भाच्याच्या थर्माकोलवरून गेले.

त्या संध्याकाळी अण्णा आमच्या ओट्यावर बसले होते. डावा तळवा सुजला होता. आई मिठाचं पाणी करायला आत गेली. मी दारात उभी होते.

"बाई," ते म्हणाले, "त्या दुसऱ्या मोटरीला पाय लागत न्हवता का?"

"लागतो," मी म्हणाले. "दोन्हींना पायच लागतो."

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा खरंच सैल झाला. मी आत गेले. माझ्या उत्तरातला एक शब्दही खोटा नव्हता.

त्यानंतर मी एकच गोष्ट केली. परदेशातल्या त्या गृहस्थांना पत्र लिहिलं. ते गावचेच असूनही छान इंग्रजीत, सगळ्या नम्र शब्दांसह, की आमच्या कामाच्या पद्धतीला दुसरी मोटर जास्त सोयीची ठरेल, बदलून मिळेल का. होडीच्या तोंडाबद्दल इंग्रजीत कसं लिहावं ते मला जमलं नाही, म्हणून ते लिहिलंच नाही. चार दिवसांनी उत्तर आलं. दुसरी मोटर एका दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेला देऊन झाली होती. केबलची मोटर खरे जाणकार पसंत करतात, तुमची निवड उत्तम आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी एक विनंती होती. मोटर चालवतानाचा एक फोटो पाठवा, पाय पट्टीवर दिसेल असा. कंपनीला दाखवायचा आहे.

हे उत्तर त्यांनी चेअरमनकाकांनाही पाठवलं होतं.

काका सकाळीच आले. त्यांनी चहा घेतला, पाण्याचं बोलले. धरणातलं राहिलेलं पाणी प्यायला राखून ठेवणार असं ऐकू येत होतं, त्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "अण्णा, मी तुमाला वाईट म्हून न्हाई सांगत. पुढच्या आठवड्यात यादी करायची हाय. बाकीचे इचारायलेत, अण्णा पाण्यात जातेत का नुसते काठावर बसतेत. मोटर चालवणारा म्हून तुमचं नाव लावतो मी. कुणी एक शब्द काढणार न्हाई. पण चालवलेली दिसली पायजे."

अण्णा डावा तळवा चोळत होते.

"फोटो तेवढा होऊन जाऊ द्या. ताई काढंल."

"न्हाई काढला तर?" आईनं आतून विचारलं.

काकांनी कप खाली ठेवला. "वहिनी, मी काय एकटा हाय का संस्थेत?"

अण्णा, काका आणि मी जुन्या रस्त्यानं गेलो. दुपार कलली होती. पाणी आणखी मागे सरकलं होतं आणि डांबराच्या पुढं चिखलातून बरंच चालावं लागलं. मामा जाळं घेऊन आधीच आले होते, काकांनी बोलावलं असणार. अण्णांनी चपला काढल्या. पाण्यात उतरून त्यांनी पाय धुतले. एकदा, मग पुन्हा एकदा, घोट्यापर्यंत, नखांमधला चिखल काढत. ते बाजूनं चढले आणि पुढं जाऊन वाकले. डावा हात होडीच्या तोंडाला लावून कपाळाला लावला. मग उभे राहिले आणि उजवा पाय पट्टीवर ठेवला.

होडी सरळ निघाली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच सरळ. मागे मामांनी जाळं सोडायला घेतलं आणि ते पाण्यात एका रेषेत पडत गेलं. मोटरीचा आवाज येत नव्हता. काका माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, "बघ की, कशी जाती लोण्यावानी."

मी फोन धरला होता. अण्णांनी चेहरा पलीकडे वळवला होता.

मला वाटतं, तेव्हासुद्धा काही करता आलं असतं. फोनची बॅटरी संपली म्हणता आलं असतं. ऊन समोरून येतंय म्हणता आलं असतं. पण फोटो झाला नसता तर नाव गेलं असतं, आणि त्यांनी पाय तर ठेवलाच होता. मी एक फोटो काढला. त्यात चेहरा नव्हता. दुसरा काढला, त्यातही नव्हता.

"चेहरा पायजे ताई," काका म्हणाले.

"अण्णा, इकडे बघा," मी ओरडले. माझा आवाज पाण्यावरून इतका स्वच्छ गेला की मीच दचकले. इतक्या मोठ्यानं मी गावात कधी बोलले नव्हते.

त्यांनी बघितलं. तो फोटो मी पाठवला. त्या गृहस्थांनी उत्तरात हसऱ्या चेहऱ्याची दोन चित्रं पाठवली.

सभेत यादी वाचली गेली. अण्णांचं नाव नेहमीच्या जागी आलं, कोणी मान वर केली नाही. ते त्या वेळी बर्फाच्या पेटीवर बसून बोटांची नखं बघत होते. नंतर पाणी उतरेपर्यंत रोज ते होडीवर जात राहिले. आता ते पाय धुण्यात जास्त वेळ घालवत नव्हते. मामा परत आले होते, त्यांची चेष्टाही परत आली होती. घरात आम्ही पुन्हा ताज्या माशाचं कालवण खाल्लं. सगळं ठीक झालं होतं असं म्हणता येईल, आणि आई तसं म्हणायचीही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. संस्थेचे लोक वजनकाट्याची, जाळ्यांची आणि होडीची करतात. होडीची पूजा अण्णांकडे असे. मी ताट घेऊन त्यांच्या मागे चालत गेले. होडी तेव्हा कोरड्या गाळावर टेकलेली होती, तिच्या बाजूनं चढायला पाण्यात उतरावं लागत नव्हतं. सगळे जमले. मी ताट पुढं केलं.

अण्णांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि मामांपुढं धरलं.

"आवंदा तू कर."

"कावून? तुमीच की."

"माझा हात वर जात न्हाई," अण्णा म्हणाले.

मामांनी अण्णांच्या खांद्याकडे बघून मान डोलावली आणि ताट घेतलं. कोणाला काही वाटलं नाही. गाळात टेकलेल्या त्या होडीचं तोंड अण्णांच्या गुडघ्याच्या उंचीवर होतं. कुंकू लावायला हात वर न्यावाच लागत नव्हता. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मामांनी बोट हळदीत बुडवलं, मग कुंकवात, आणि वाकून चौकटीच्या कडेला लावलं. लोक नारळाकडे सरकले. अण्णा दोन पावलं मागे होते, चपला हातात धरून, आणि त्या पायांत कधी घालायच्या याची जणू कोणीतरी परवानगी देईल म्हणून थांबले होते.